स्तनांची तपासणी आणि उपचारानंतरची काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट, कारण खालची निम्मी उत्तरं फिरून तिथेच येतात. हाताला लागणारी गाठ मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) 'नॉर्मल' रिपोर्टने मिटत नाही. डॉक्टरचा हात, यंत्राचं चित्र आणि गरज पडली तर सुईची तपासणी (बायोप्सी), या तिघांचं एकमत झालं तरच विषय संपला. तिघांपैकी एकाचंही म्हणणं वेगळं असेल तर जे सगळ्यात वाईट सांगतं त्याच्या मागे जायचं.

गाठ आहे, पण दुखत नाही. मग घाई कशाला?

दुखत नाही म्हणून बायका थांबतात, आणि तिथेच वेळ जातो. दुखणाऱ्या गाठी बहुतेक करून पाण्याच्या, पाळीच्या हार्मोनमुळे सुजलेल्या किंवा पू झालेल्या असतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. ती कडक असते, कडा वेड्यावाकड्या लागतात, आजूबाजूच्या भागाला धरून बसते.

पण म्हणून प्रत्येक गाठीला घाबरायचंही कारण नाही, बहुतेक गाठी साध्याच निघतात. विशी-पंचविशीत चिंचोक्यासारखी गुळगुळीत, बोटाखालून सटकणारी गाठ बहुधा फायब्रोएडेनोमा नावाची साधी गाठ असते. चाळिशीच्या आसपास अचानक आलेली, फुग्यासारखी ताणलेली गाठ बऱ्याचदा पाण्याची असते. पण हे 'बहुधा' आणि 'बऱ्याचदा' आम्ही बोट लावून ठरवत नाही.

वय तिशीच्या आत आणि दुसरं काही लक्षण नसेल तर एक पाळी होऊन जाईपर्यंत थांबायला हरकत नाही. गाठ तरीही राहिली तर या. तिशीनंतर दोन आठवड्यांच्या आत या. पाळी गेल्यावर नवी गाठ लागली तर गणेश चवथ होऊन जाऊदे, मुलीचं लग्न उरकूदे असं करू नका.

गाठ नसली तरी दाखवायला हवं असं आणखी काय: कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, एका जागी खळी पडणं, बोंड नव्याने आत ओढलं जाणं, बोंडावर न भरणारी खपली, काखेत गाठ, एकच बाजू लाल आणि जड होणं. बोंड लहानपणापासूनच आत असेल तर तो भाग वेगळा.

पाळीच्या आधी दोन्ही बाजू ठणकतात. हे कॅन्सरचं लक्षण आहे का?

नाही. पाळीआधी आठवडाभर दुखणं आणि पाळी आली की ओसरणं हा हार्मोनचा खेळ आहे. नीट मापाची, आधार देणारी ब्रा आणि दुखऱ्या जागी डायक्लोफिनॅकचं जेल, एवढ्याने बहुतेकींचं भागतं. मात्र एकाच जागी, रोज, पाळीशी संबंध नसलेलं दुखणं दाखवा. त्यातही बऱ्याचदा दुखणं स्तनात नसून खालच्या बरगडीच्या सांध्यात असतं. कुशीवर वळून स्तन बाजूला पडल्यावर बरगडी दाबली की ते लगेच कळतं.

काहीच त्रास नाही. तपासणी कधीपासून?

राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर ५ वर्षांनी आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने तपासणी करावी असं आहे. आमच्या मते ५ वर्षांचं अंतर फार मोठं होतं. आम्ही तिशीनंतर दर १ ते २ वर्षांनी हाताने तपासतो आणि चाळिशीनंतर दर २ वर्षांनी मॅमोग्राफी सुचवतो.

'नुसत्या हाताने काय कळणार?' असं विचारणाऱ्यांसाठी: मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी सुमारे दीड लाख स्त्रियांवर २० वर्षं चालवलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

घरी दर महिन्याला स्वतः तपासायचं का?

तारीख धरून, परीक्षेसारखं करायची गरज नाही. शांघायच्या कापड गिरण्यांमध्ये सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांचा अभ्यास झाला. स्वतः तपासायला शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या.

पण स्वतःच्या शरीराची ओळख हवीच. न्हाताना साबणाच्या हाताने, बोटांच्या टोकांनी नव्हे तर मधल्या तीन बोटांच्या पेरांच्या सपाट भागाने चाचपा. पाळी येत असेल तर पहिल्या दिवसापासून मोजून ७ ते १० दिवसांच्या दरम्यान, कारण तेव्हा स्तन सगळ्यात मऊ असतात. चिमटीत धरून बघू नका, चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. स्तनाच्या खालच्या कडेला आडवी, जाडसर वळी लागते, ती दोन्ही बाजूंना असेल तर ती घडणच आहे.

दवाखान्यात हाताने तपासणी कशी होते?

तपासणारी शक्यतो स्त्रीच असते, आणि डॉक्टर पुरुष असेल तर नर्स आत थांबते. ती थांबली नाही तर तुम्ही हक्काने मागा. आधी बसवून नुसतं बघतात: हात खाली, हात वर, मग हात कमरेवर दाबून. या तिसऱ्या स्थितीत छातीचा स्नायू आवळतो आणि लपलेली खळी दिसते. मग आडवं झोपवून, त्या बाजूचा हात डोक्याखाली ठेवून, गळ्याच्या हाडापासून ब्राच्या पट्टीपर्यंत उभ्या ओळींत तपासतात. एकेका जागी हलका, मध्यम आणि खोल असा तीनदा दाब. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची खळगी. दोन्ही बाजू मिळून ६ ते ८ मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटात, कपड्यांवरून 'सगळं ठीक' असं कोणी सांगितलं तर ती तपासणी झालेलीच नाही.

गावात यंत्र घेऊन आले होते, हिरवं दाखवलं. आता मॅमोग्राफी नको ना?

२०२१ पासून 'स्वस्थ महिला स्वस्थ गोवा' मोहिमेत हातात धरायचं जे यंत्र वापरलं गेलं ते स्पर्शाने कडकपणा मोजतं. त्यात किरण नाहीत आणि ते दुखत नाही. कोणाला पुढे पाठवायचं ते निवडण्यासाठी ते चांगलं आहे. पण ते चाळणी आहे, निदान नव्हे. लाल आलं म्हणजे कॅन्सर आहेच असं नाही, आणि हिरवं आलं तरी तुमच्या हाताला गाठ लागत असेल तर वर पहिल्या परिच्छेदात लिहिलंय तेच.

मॅमोग्राफीला जाताना काय करायचं? दुखतं का?

त्या सकाळी अंघोळ करा, पण काखेत आणि छातीवर पावडर, डिओ, क्रीम काही लावू नका. आपल्याकडच्या घामट हवेत पावडर लावल्याशिवाय घराबाहेर पडणं जड जातं, हे खरं. पण पावडर आणि डिओमधले कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि मग सगळं परत करावं लागतं. साडी किंवा सलवार-कमीज चालेल, अंगभर एकच गाऊन नको, कारण कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात. मंगळसूत्र पर्समध्ये ठेवा. जुन्या फिल्म असतील तर आणा. दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी तुलना करता येणं याची किंमत नव्या मशीनपेक्षा जास्त आहे.

प्रत्येक स्तनाची दोन चित्रं घेतात, एक वरून खाली आणि एक तिरकं. प्रत्येक वेळी दोन पाट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो. दुखतं, खोटं कशाला सांगा, पण श्वास रोखून दहापर्यंत मोजलं की सुटतं. दाब कमी ठेवला तर चित्र धूसर येतं आणि किरणही जास्त लागतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यातली तारीख घेऊ नका. किरणांची भीती असेल तर: चारही चित्रं मिळून सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे साधारण सात आठवड्यांत जमीन-आकाशातून आपल्याला आपोआप मिळतात तेवढे.

सोनोग्राफीने भागणार नाही का?

तिशीच्या आत, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना पहिली तपासणी सोनोग्राफीच. चाळिशीनंतर ती मॅमोग्राफीच्या जोडीला, जागी नव्हे. अगदी बारीक कॅल्शियमचे ठिपके, जे कधीकधी सगळ्यात लवकरची खूण असतात, सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत.

उलटही खरं आहे. तरुण स्तनात चरबी कमी, ग्रंथी जास्त. फिल्मवर ग्रंथी पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच, म्हणजे धुक्यात बगळा शोधायचा. रिपोर्टात घनता 'सी' किंवा 'डी' (म्हणजे ग्रंथी जास्त) लिहिली असेल तर सोनोग्राफीही करून घ्या.

रिपोर्टात बायरॅड्स ४ लिहिलंय. म्हणजे चौथी स्टेज?

नाही. या आकड्याचा स्टेजशी काही संबंध नाही, आणि या एका गैरसमजाने घरात रडारड होते. हा फक्त रेडिओलॉजिस्टच्या संशयाचा आकडा आहे. ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासणी हवी. १ आणि २ म्हणजे काळजी नाही. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा कमी, सहा महिन्यांनी परत बघायचं. आणि ते खरंच बघायचं, सहाचे सोळा महिने होऊ देऊ नका. ४ मध्ये २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत सगळं येतं, म्हणून ४ए, ४बी, ४सी यातलं अक्षर विचारा. ५ म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त. ४ आणि ५ ला सुई ठरलेली. ६ म्हणजे निदान आधीच झालेलं.

सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात.

पसरत नाही. उशीर झाल्याने मात्र पसरतो, आणि या समजुतीपायी जेवढा उशीर होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल.

आज चांगली पद्धत म्हणजे कोअर बायोप्सी. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, १४ गेजच्या सुईने तांदळाच्या लांबट दाण्याएवढे ४ ते ६ तुकडे घेतात. प्रत्येक वेळी स्टेपलरसारखा 'टक्' आवाज होतो. आधी सांगितलेलं नसलं की त्या आवाजानेच बायका दचकतात. नंतर १० ते १५ मिनिटं दाबून धरायचं. जागा आठवडाभर निळी-काळी दिसू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. बारीक सुईच्या एफएनएसीत फक्त पेशी मिळतात. गाठ पाण्याची आहे का हे बघायला ती पुरते. पण कॅन्सर असल्यास कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर२ या चाचण्यांसाठी तुकडाच लागतो.

खरी हानी वेगळीकडे होते. काय आहे हे न तपासता 'छोटीशी गाठ आहे, काढून टाकू' म्हणून ती थेट कापून काढायची, तुकडे करून, सलाइनच्या पाण्यात किंवा रिकाम्या बाटलीत पाठवायची, नाहीतर पाठवायचीच नाही. मग तो कॅन्सर निघाला तर कडा सुटल्या की नाही कळत नाही आणि ऑपरेशन पुन्हा होतं. तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, काढल्यापासून तासाभरात पडला पाहिजे. झाडपाल्याच्या लेपाचंही तसंच. गाठ विरत नाही, कातडी मात्र भाजून निघते आणि सर्जनला टाके घालायला धड जागा राहत नाही.

बाळ अंगावर पितं. दूध साकळून गाठ झालीय, शेक देऊन चोळू का?

जोरात चोळू नका. आजीच्या काळापासून गरम शेक आणि मालीश सांगतात, पण आता सल्ला बदलला आहे. चोळल्याने आतली सूज वाढते. पाजल्यानंतर थंड पट्टी ठेवा, बाळाला नेहमीसारखंच पाजत राहा, रिकामं करण्यासाठी पंपाने जास्तीचं काढू नका. त्याने दूध आणखी वाढतं. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल चालतं. २४ तासांत ताप उतरला नाही तर या. पू झाला असेल तर बहुतेक वेळा सोनोग्राफीत बघून सुईने ओढता येतो, लागलं तर दोन-तीनदा. पाजणं बंद करायची गरज नसते.

लाली आणि घट्टपणा प्रतिजैविकांनी दोन आठवड्यांत गेला नाही तर तुकडा काढून तपासायला हवा. त्यात क्षय निघू शकतो, आणि क्वचित सुजेसारखा दिसणारा कॅन्सरही. 'दुधामुळेच असेल' म्हणून तिसरा कोर्स लिहून देणाऱ्याला प्रश्न विचारा.

बोंडातून पाणी येतं.

दोन्हीकडून, अनेक छिद्रांतून, दाबल्यावरच, हिरवट किंवा दुधाळ असेल तर सहसा साधं. एका बाजूने, एकाच छिद्रातून, आपोआप, रक्ताळ किंवा पाण्यासारखं स्वच्छ असेल तर दाखवा. ब्रावरचा डाग धुवून टाकू नका, तसाच आणा.

माझ्या मावशीला होता. मला होणारच का?

एका मावशीला साठीत झाला असेल तर तुमचा धोका फारसा वाढत नाही. आई किंवा बहिणीला पन्नाशीच्या आत, घरात दोघी-तिघींना, कोणाला अंडाशयाचा कॅन्सर किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर जनुकांची चाचणी करावी का यावर बोलू. वडिलांकडची आत्या आणि आजीही मोजा, त्या बाजूला लोक विसरतात. चाचणी आधी आजारी व्यक्तीची करणं योग्य. निरोगी मुलीची एकटीची केली तर 'निगेटिव्ह' आल्याचा अर्थ लावता येत नाही. घरातल्या सगळ्यात लहान वयाच्या रुग्णापेक्षा साधारण १० वर्षं आधी तपासणी सुरू करायची.

काळी ब्रा, मोबाइल पदराखाली ठेवणं, डिओ यांचा दोष नाही. दारूचा आहे, थोड्या प्रमाणातही. फेणी काजूची असो की माडाची, पोटाला बरी म्हणून घेतलेली असो, स्तनाला ती दारूच.

गोव्यात कुठे आणि पैशांचं काय?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा, हाताने तपासणी तिथे होते. पुढे म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. काणकोण किंवा सत्तरीहून येणारीने पहिल्या कदंब बसने निघून दुपारी रिकाम्या हाताने परत जाण्यापेक्षा मॅमोग्राफीची तारीख आधी विचारून घ्यावी.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे. गोव्यात ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. कार्डाची मुदत निदान झाल्यावर नव्हे, आज बघा. हर२ पॉझिटिव्ह असल्यास ट्रास्टुझुमॅब-पर्टुझुमॅबचं कातडीखाली द्यायचं महागडं इंजेक्शन २०२४ पासून गोमेकॉत मोफत दिलं जातं. औषध परवडत नाही म्हणून उपचार सोडण्याआधी तिथे विचारा.

ऑपरेशननंतर हात किती हलवायचा?

दुसऱ्या दिवसापासून मूठ उघड-मीट आणि कोपर वाकवणं. जखमेतलं पाणी काढणारी नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नका. नळीतलं पाणी रोज एकाच वेळी मोजून लिहा. सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी आलं की ती काढतात. मग भिंतीवर बोटं चढवायची, दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. पोचाल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. पहिल्या महिन्यात रेघ वर सरकली नाही तर खांदा आखडतोय.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताची सूज वर्षांनंतरही येऊ शकते. मोजपट्टीने दर महिन्याला मनगट, कोपराच्या १० सेंमी खाली आणि १० सेंमी वर, दोन्ही हातांचं माप घ्या. २ सेंमी फरक पडला तर या. त्याआधी बांगड्याच सांगतात: कालपर्यंत सहज चढणारी बांगडी अडली की ती पहिली खूण. वजन उचलूच नये हा जुना सल्ला आता राहिला नाही, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम चांगला.

जखमा मात्र टाळा. सुंगटं (कोळंबी) सोलताना, मासळी कापताना, भाताच्या लावणीत रबरी हातमोजे घाला. काजू भाजताना किंवा फोडताना तर नक्की, त्याचं तेल कातडी जाळतं. हात अचानक लाल, गरम झाला आणि थंडी वाजली तर त्याच दिवशी इस्पितळ, उद्या सकाळी नव्हे.

केमो चालू आहे. जेवणाचं काय?

घरचं, ताजं, पूर्ण शिजलेलं सगळं चालतं. सकाळची पेज उत्तम, पण पेजेने पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. जोडीला अंडं, डाळ, मासा हवाच. हुमण (माशाची आमटी) खा, फक्त तोंड आलेलं असताना मिरची आणि कोकम कमी. तिसऱ्या-खुबे उघडेपर्यंत नव्हे, त्यानंतरही उकळू द्या. न उघडलेले टाका. विहिरीचं पाणी उकळून. तोंडासाठी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १ छोटा चमचा मीठ आणि १ छोटा चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा, रोज नवं करा.

थर्मामीटर घरात ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप हे मध्यरात्रीही फोन करायचं कारण आहे, विशेषतः केमोनंतर ७ ते १४ दिवसांत, जेव्हा पांढऱ्या पेशी तळाला असतात. आधी मोजा, फोन करा, मगच पॅरासिटामॉल. पावसात 'डेंग्यू असेल, दोन दिवस बघू' हे केमो घेणाऱ्या बाईसाठी धोक्याचं आहे.

टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा येतात. थोडे दिवस बंद करू?

विचारल्याशिवाय नको. ही हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी सहसा ५ वर्षं, काहींना १० वर्षं. वाफांवर उपाय आहेत, पण फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम मंदावतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञालाही सांगा की तुम्ही ती घेता. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच या. मूल राहू नये याची काळजी घ्या, कॉपर-टी चालते, हार्मोनच्या गोळ्या नाहीत.

स्तन काढल्यावर ब्रामध्ये काय घालायचं?

पहिले ६ ते ८ आठवडे कापसाचं किंवा लोकरीचं विणलेलं हलकं. जखम भरल्यावर सिलिकॉनचं. मोहरी किंवा तांदूळ भरलेली पिशवी वजनाला बरोबर बसते, पण आपल्या पावसाळ्यात तिला आठवड्यात बुरशी येते. वजन जुळणं हे फक्त दिसण्यासाठी नाही. एक बाजू हलकी राहिली की मान आणि खांदा दुखायला लागतो.

पुरुषांना होतो का?

होतो. एकूण रुग्णांत सुमारे १ टक्का. पुरुषाच्या बोंडाखाली एका बाजूला कडक गाठ असेल तर त्यालाही हेच सगळं लागू.

दुसरं मत घ्यायला मुंबईला जायचंय. काय न्यायचं?

नुसता रिपोर्ट नव्हे. मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सीडी, बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक. ब्लॉक लॅबमधून अर्ज देऊन मिळतात, ते तुमच्याच शरीराचे आहेत. ते नसतील तर तिथे परत सुई लागू शकते. फिल्म पावसात एकमेकींना चिकटतात, प्रत्येकीत कागद घालून ठेवा. आणि ब्लॉक मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जेवायला जाऊ नका, मेण वितळतं.